आलेखाला प्रश्न विचारा

गेली काही वर्षे आपल्या विहारात दर रविवारी सकाळी इयत्ता सहावी ते आठवीच्या मुलामुलींचा गणिताचा वर्ग भरतो. मी कला शाखेचा पदवीधर. शाळेत असताना गणिताच्या तासाला शेवटच्या बाकावर बसणारा. पुढे बँकेत लागलो आणि आकड्यांशी रोजचा संबंध आला. त्यामुळे या वर्गात मी शिकवतो म्हणण्यापेक्षा मुलांबरोबर शिकतो, हेच खरे. या वर्गाने मला एक धडा दिला. तो सभासद बंधुभगिनी व विद्यार्थी यांच्यापुढे ठेवावा, म्हणून हा लेख.

एका भीमजयंतीला विहाराच्या भिंतीवर लावण्यासाठी मी महाराष्ट्राच्या साक्षरतेचा स्तंभालेख तयार केला होता. जनगणनेनुसार राज्यातील साक्षरतेचे प्रमाण १९९१ साली ६४.८७ टक्के, २००१ साली ७६.८८ टक्के आणि २०११ साली ८२.३४ टक्के होते. कागद लहान होता म्हणून मी उभ्या अक्षावरची मोजणी ६० पासून सुरू केली व एक सेंटीमीटरला दोन टक्के असे प्रमाण घेतले. आलेख मोठा उठावदार दिसला. येणारे-जाणारे कौतुक करीत होते.

रविवारी वर्गातील सातवीची एक मुलगी फूटपट्टी घेऊन आली आणि म्हणाली, “काका, खाली शून्य का नाही?” तिने स्तंभ मोजले. १९९१ चा स्तंभ सुमारे अडीच सेंटीमीटर, तर २०११ चा अकरा सेंटीमीटरहून थोडा अधिक. म्हणजे डोळ्यांना वाढ साडेचार पट दिसत होती. प्रत्यक्षात ६४.८७ वरून ८२.३४ म्हणजे सव्वापटीपेक्षा किंचित जास्त. आकडे सगळे बरोबर होते, बेरीज-वजाबाकी चुकली नव्हती, तरी चित्र खोटे बोलत होते. आणि ते चित्र काढणारा मीच होतो!

त्या दिवशी मुलांनी तोच आलेख शून्यापासून पुन्हा काढला. एक सेंटीमीटरला दहा टक्के. स्तंभ अनुक्रमे साडेसहा, पावणेआठ आणि सव्वाआठ सेंटीमीटरच्या आसपास आले. दिसायला साधा, पण प्रामाणिक.

याचे कारण समजून घेऊ. स्तंभालेखात स्तंभाची लांबी हीच रक्कम असते. खालचा भाग कापला की लांब्यांचे गुणोत्तर बिघडते. रेषालेखाचे थोडे वेगळे आहे. तापाच्या रुग्णाचा तक्ता शून्य अंशापासून काढला तर ताप चढला की उतरला हेच कळणार नाही. तेथे मधूनच मोजणी सुरू करणे रास्त असते. मात्र अक्षावर नागमोडी खूण करून ते वाचणाऱ्याला सांगितले पाहिजे.

दुसरी फसगत चित्रांची. रक्कम दुप्पट झाली हे दाखवण्यासाठी पैशाच्या थैलीचे चित्र दुप्पट उंच काढतात. पण उंचीबरोबर रुंदीही दुप्पट होते आणि चित्र कागदावर चौपट जागा व्यापते. सांगायचे दुप्पट, दिसते चौपट. चौकटीच्या कागदावर चौकोन मोजले की सहावीच्या मुलालाही हे पटते.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे: आलेखात काय दाखवले नाही, ते पाहणे. भारतातील अनुसूचित जातींची साक्षरता १९९१ साली ३७.४ टक्के होती, ती २००१ साली ५४.७ व २०११ साली ६६.१ टक्के झाली. एवढेच स्तंभ काढले तर कोणीही म्हणेल, आता प्रश्न सुटला. त्याच्या शेजारी देशाच्या एकूण साक्षरतेचे स्तंभ काढा: ५२.२, ६४.८ आणि ७३.० टक्के. शाळेत यालाच जोडस्तंभालेख म्हणतात. मग दोन गोष्टी एकदम दिसतात. अंतर १४.८ वरून १०.१ आणि पुढे ६.९ वर आले, म्हणजे निम्म्याहून कमी झाले. पण मिटले नाही. आपल्या आईबापांच्या कष्टाचे चीज झाले हेही खरे आणि काम उरले आहे हेही खरे. एकच स्तंभ दाखवणारा यातले अर्धेच सांगतो, मग तो आपला असो वा परका.

आता हे प्रश्न घरापर्यंत कसे येतात ते पाहा. वस्तीतील एक आजी बँकेत मुदत ठेव मोडायला आल्या. हातात एका खाजगी योजनेचे पत्रक. त्यावर दोन स्तंभ, बँकेचा बुटका आणि योजनेचा त्याच्या तिप्पट उंच. आजींचे म्हणणे, “तिकडे तिप्पट मिळतंय रे बाबा.” त्यांना दोन दिवस थांबायला सांगून मी ते पत्रक वर्गात नेले. मुलांनी बारीक अक्षरे वाचली. बँकेचा दर ७ टक्के, योजनेचा ९ टक्के आणि मोजणी ६ पासून सुरू. म्हणून एकास तीन! दहा हजार रुपयांवर वर्षाला बँक ७०० देणार, योजना ९००. फरक २०० रुपयांचा. मुद्दल सुरक्षित आहे का, याबद्दल पत्रकात एक ओळही नव्हती. बँकेतील ठेवीला मात्र एका बँकेत एका ठेवीदारामागे मुद्दल व व्याज धरून ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण २०२० पासून आहे. आजींची नात वर्गातच होती. तिने घरी जाऊन फूटपट्टी ठेवून आजीला समजावले. ठेव मोडली गेली नाही.

ही मुले एकेकटी असती तर एवढे घडले असते का? मला शंका वाटते. एकट्या मुलाला वाटते, छापले आहे म्हणजे बरोबरच असेल. आपल्यालाच समजत नसेल. मी स्वतः याच भीतीने शाळेत गप्प राहिलो. वर्गात आम्ही चौघाचौघांचे गट करतो. एक जण आकडे मोठ्याने वाचतो, दुसरा दोन्ही अक्ष तपासतो, तिसरा फूटपट्टीने मोजतो आणि चौथा निष्कर्ष एका वाक्यात लिहितो. पुढच्या आलेखाला कामे बदलतात, म्हणजे हुशार मुलगाच सगळे करून टाकत नाही. नियम एकच: “चूक” म्हणायचे नाही, “कशावरून?” असे विचारायचे. सहावीच्याने आठवीच्याला विचारले तरी उत्तर द्यावे लागते, आणि मलाही.

विद्यार्थी मित्रांनो, कोणताही आलेख समोर आला की हे पाच प्रश्न विचारा:

१. उभ्या अक्षाची सुरुवात शून्यापासून आहे का?
२. दोन खुणांमधील अंतर सारखे आहे का?
३. टक्के आहेत, तर ते कशाचे व कोणाचे?
४. कोणती वर्षे घेतली आणि कोणती गाळली?
५. हा आलेख कोणी काढला व त्याला काय पटवायचे आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उदाहरण वर आलेच आहे. साक्षरतेचे ते टक्के सात वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकांचे आहेत, संपूर्ण लोकसंख्येचे नव्हेत.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना हीच दिशा दाखवली. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. बाबासाहेबांनी लंडनमध्ये डी.एस्सी. साठी लिहिलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ साली प्रसिद्ध झाला. विनिमयाचे आणि किमतींचे आकडे तपासून त्यांनी भल्याभल्या अर्थतज्ज्ञांच्या मतांना आव्हान दिले. आकड्यांना भिऊन त्यांचा वारसा चालवता येणार नाही.

माझा तो जुना आलेख आम्ही फाडला नाही. नव्या आलेखाशेजारी तो विहाराच्या भिंतीवर लावला आहे. विहारात याल तेव्हा दोन्ही पाहा, आणि मुलांना रविवारी वर्गाला पाठवताना सोबत एक फूटपट्टी द्या.

जय भीम!