स्टेनलेसचा अस्तर-थर: डेव्हिस-बेसीची गोष्ट

क्लॅडिंगची, म्हणजे एका धातूवर चढवलेल्या दुसऱ्या धातूच्या अस्तराची, ताकद बघायची तर अमेरिकेतल्या ओहायोमधली डेव्हिस-बेसी अणुभट्टी बघा. मार्च २००२ मध्ये तिथे भट्टीच्या झाकणात मोठा खड्डा सापडला. झाकणातून जाणाऱ्या एका नळीला तडा गेला होता, त्यातून बोरिक आम्लाचं पाणी झाकणावर झिरपत राहिलं आणि सुमारे १७ सेंटिमीटर जाडीचं पोलाद त्या जागी बाहेरून आरपार खाल्लं गेलं. उरला फक्त आतल्या बाजूचा स्टेनलेस स्टीलचा थर, सेंटिमीटरहूनही पातळ! वातावरणाच्या सुमारे १५० पट दाब त्याने एकट्याने पेलला. खरं तर तो गंज रोखायला दिलेला; दाब पेलणं त्याचं कामच नव्हतं.

असा थर बहुतेकदा वेल्डिंगनेच चढवतात. खरी मेख इथे आहे: वेल्डिंगच्या आचेने खालचं पोलादही वितळून थरात मिसळतं आणि गंज रोखणाऱ्या क्रोमियमचं प्रमाण घटतं. म्हणून पहिला थर जास्त क्रोमियमच्या ३०९ जातीच्या स्टेनलेस स्टीलचा आणि त्यावर ३०८ चा. रिफायनरीच्या जाड भांड्यांतही हीच पद्धत वापरतात, कारण अख्खं भांडं स्टेनलेसचं करणं फार महाग पडतं. मोठ्या सपाट पत्र्यांच्या बाबतीत मात्र कधी कधी चक्क स्फोट घडवून दोन धातू चिकटवतात!