मोजायला पाच महिने

दर सेकंदाला एक, अशी न झोपता, न थांबता मुलं मोजत राहिलो, तर १९९० सालची भारतातली लठ्ठ मुलं पाच दिवसांच्या आत मोजून झाली असती. ५ ते १९ वयोगटात तेव्हा ती साधारण ४ लाख होती. २०२२ सालची मोजायला मात्र जवळजवळ पाच महिने लागतील. ती आहेत सुमारे १ कोटी २५ लाख! ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२४मध्ये छापलेल्या जागतिक अभ्यासातले हे आकडे आहेत. नुसतं वजन जास्त असलेली मुलं यात धरलेलीच नाहीत. ही त्यांच्या पुढच्या पायरीवरची.

बत्तीस वर्षांत एकतीस पट. एवढ्यात कुठल्या देशाची जनुकं बदलत नाहीत. मग बदललं काय? मुलांचा दिवस बदलला.

कोलाची २५० मिलीची छोटी बाटली घ्या. १०० मिलीला साडेदहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बाटलीत २६ ग्रॅम साखर; सपाट सहा चमचे. चहात कुणी सहा चमचे घातले तर आपण हात धरू. क्लासहून येताना रोज अशी एक बाटली, तर वर्षाला साडेनऊ किलो साखर. वाण्याकडून तेवढी पिशवी घरी आणताना हात भरून येतो. पोरगं ती तहानेपोटी पिऊन टाकतं, आणि जेवायला बसतं तेव्हा भूक जवळपास तेवढीच असते.

झोपेचंही तसंच. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप हवी. मोबाइलपायी रोज एक तास गेला, तर वर्षाला पंधरा दिवस-रात्री गेल्या. कमी झोपणाऱ्या मुलांत वजन वाढलेलं अधिक आढळतं, हे अनेक देशांत दिसलं आहे.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो खेळाचा आकडा. या वयात दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६च्या आकड्यांनुसार जगभरात ११ ते १७ वयाच्या शंभरातल्या ८१ मुलांची ती होत नव्हती. मुलींत तर ८५ जणींची. भारतात हे प्रमाण ७४च्या आसपास होतं. याला मुलांचा आळस म्हणणं अन्यायाचं आहे. पी.टी.चा तास गणिताला देतो आपण, मैदानावर गाड्या लावतो आपण, ‘दहावीचं वर्ष आहे’ म्हणून बॅट माळ्यावर टाकतो तेही आपणच.

त्यातून आपली शरीरं वेगळी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४मध्ये स्वतःचीच मापं प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के! वजनकाटा आपल्याकडे पूर्ण खरं सांगत नाही. दिसायला सडपातळ मूलही या हिशेबाबाहेर नाही.

‘खात्यापित्या घरचा आहे’ म्हणून हसून सोडून देऊ नका, आणि मुलाला जाड म्हणून चिडवूही नका. शाळेच्या पुढच्या पालकसभेत एवढंच विचारा : आठवड्यात पी.टी.चे तास किती, आणि त्यांतले मैदानावर किती झाले?