गंज मारला म्हणजे इंजिन खरं होत नाही

मॉडेल रेल्वेच्या कुठल्याही प्रदर्शनात टेबलापाशी थोडा वेळ उभं राहा, एक सल्ला हमखास कानावर पडतो : "छान आहे, पण फारच नवंकोरं दिसतंय. जरा गंज मार, काळं कर, मग खरं वाटेल." सल्ला देणारा पुढच्या टेबलाकडे सरकतो. ऐकणारा मात्र घरी जाऊन नारिंगी रंग आणि काळी पावडर घेऊन बसतो, आणि चांगल्या डिझेल इंजिनाचं बघता बघता भंगार होतं. वर त्याला 'वेदरिंग' असं भारदस्त नाव आहेच.

गैरसमज : घाण जितकी जास्त, तितकं मॉडेल खरं

वस्तुस्थिती : खऱ्या इंजिनावर घाण असते, यात वाद नाही. पण ती वाटेल तिथे नसते. प्रत्येक डाग कुठून तरी येतो आणि ठरावीक दिशेने जातो. ते मूळ ठाऊक नसेल, तर आपण वेदरिंग करत नाही, नुसतं इंजिन मळवत असतो.

उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं घेऊ : डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन. अमेरिकेतल्या अल्को कंपनीचं डिझाइन. पहिली इंजिनं १९६२ मध्ये तिथूनच आली. १९६४ पासून ती वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये बनू लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. कल्याण आणि पुण्याच्या डिझेल शेडमधली ही इंजिनं महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनी फलाटावरून पाहिली आहेत. तरीही त्यांची मॉडेलं रंगवताना आपल्याला आठवतो तो फक्त काळा धूर.

मग धुरापासूनच सुरुवात करू. अल्कोचं इंजिन सतत काळा धूर ओकत नाही. लोको पायलटने नॉच (थ्रॉटलचा टप्पा) वाढवला की सिलिंडरमध्ये डिझेल लगेच जास्त जातं, पण हवा पुरवणारा टर्बोचार्जर एक्झॉस्टच्या जोरावर फिरत असल्याने त्याला वेग घ्यायला काही क्षण लागतात. तेवढ्या वेळात हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं आणि तो प्रसिद्ध काळा लोट उठतो. टर्बोने वेग घेतला की धूर विरळ होतो. शिवाय हा लोट जोराने वर फेकला जातो. म्हणून काजळी बसते ती छतावर : धुराड्याच्या भोवती, आणि गाडी ज्या दिशेने धावते तिच्या उलट बाजूला. डब्ल्यूडीएम-२ दोन्ही तोंडांनी धावत असे, त्यामुळे धुराड्याच्या दोन्ही बाजूंना काळपट पट्टा हवा. धुराडं लाँग हूडच्या, म्हणजे चालकाच्या कॅबपुढच्या लांब खोक्याच्या, छतावर, कॅबकडच्या बाजूला असतं. रेडिएटरचा मोठा पंखा त्याच हूडच्या दुसऱ्या टोकाला. तरी लोक पंख्याभोवती काजळी फासतात. पंख्यातून गरम हवा बाहेर पडते, धूर नव्हे.

आता बाजूच्या पत्र्यांकडे. या हूडवर खिडकीएवढे गंजाचे ठिपके पाहिले की माझा संयम सुटतो. चालू इंजिन शेडमध्ये नियमित जातं, धुतलं जातं, मोठ्या दुरुस्तीच्या वेळी पुन्हा रंगवलं जातं. बाजूंवर दिसतो तो धुतल्यानंतर उरलेला मळ : दारांच्या फटीत, बिजागऱ्यांशी, जाळ्यांच्या कोपऱ्यात. रंग फिका पडतो, पावसाचे बारीक ओघळ उमटतात. याउलट माणसाचा हात-पाय लागतो तिथे मळ साचतच नाही. कॅबच्या पायऱ्यांच्या कडा बुटांनी घासून लोखंडासारख्या चमकतात, दाराशेजारचे दांडे हातांनी गुळगुळीत होतात. पुढच्या काचेवर वायपरने पुसलेला कमानीचा भाग स्वच्छ असतो. मॉडेलवर एवढं एक केलं, तरी ते गंजाच्या दहा ठिपक्यांपेक्षा जास्त बोलतं.

गंजाची म्हणून जी जागा आहे, ती त्याला जरूर द्या. धुराड्याच्या कडेचा रंग उष्णतेने जळतो, तिथे तपकिरी छटा शोभते. कपलर तपकिरी असतो, आणि जिथे कपलरला कपलर घासतो तिथे धातू उघडा चमकतो. बाकी हूडवर मोजून मारलेले नारिंगी ठिपके म्हणजे जुन्या सिनेमातल्या गरिबाच्या सदऱ्याची ठिगळं : चौकोनी, सुबक आणि खोटी. जुना गंज नारिंगी नसतोच. तो गडद, काळसर तपकिरी असतो.

खालच्या भागाचा गोंधळ तर आणखी वेगळा. चाकांच्या बोगीवर दिसणारा लालसर तपकिरी थर पाहून "बघा, गंज आहेच ना!" असं म्हणणारे भेटतात. तो बोगीचा गंज नव्हे. बिडाचे ब्रेक ब्लॉक चाकाला घासले की लोखंडाची बारीक भुकटी उडते, हवेत तांबूस होते आणि तेल-धुळीबरोबर बोगीवर बसते. कंपोझिट ब्लॉक आले, तशी भुकटी करडी-काळी होत गेली. म्हणजे तुमचं इंजिन कोणत्या काळातलं आहे, हे बोगीच्या रंगावरूनही ठरतं. दोन बोगींमधल्या इंधनटाकीला तोंडाशी डिझेल सांडल्याचा ओलसर, चकचकीत डाग असतो. तो मॅट रंगाने दाखवता येत नाही, तिथे थोडं ग्लॉस वार्निश लागतं. वाळूच्या पेट्यांखाली फिकट ओघळ असतात, कारण घसरणाऱ्या चाकांसमोर टाकायची कोरडी रेती तिथूनच भरतात. आणि चाकाचा रुळावर टेकणारा भाग चालू इंजिनात कधीही गंजलेला नसतो. रूळ आणि ब्रेक मिळून तो रोज घासतात, तो चांदीसारखा चकाकतो.

मार्गाची धूळही विसरू नका. चाकं धूळ खालून वर उडवतात, म्हणून थर खाली दाट आणि वर विरळ. कोकण रेल्वेवर धावणाऱ्या इंजिनाला जांभ्याची लाली चढेल, देशावरच्या इंजिनाला काळ्या मातीचा करडेपणा. दोन्हींवर बाटलीतली एकच 'धूळ' मारणं हा निव्वळ आळस आहे.

इतकं सांगूनही ज्यांना शंका असेल, त्यांनी साधा गुणाकार करावा. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या मानकानुसार एचओ हे मॉडेलचं प्रमाण म्हणजे फुटाला ३.५ मिलीमीटर, साधारण १:८७. डब्ल्यूडीएम-२ ची लांबी १७ मीटरच्या थोडी वर, म्हणजे मॉडेल २० सेंटिमीटरपेक्षा जरा कमी. या मॉडेलवर रंगाचा १ मिलीमीटरचा टवका खऱ्या इंजिनावर ८.७ सेंटिमीटरचा होतो. जाड ब्रशने ओढलेला ३ मिलीमीटरचा पावसाचा ओघळ खऱ्या पत्र्यावर २६ सेंटिमीटर रुंद! असा ओघळ पाडायला पाऊस नाही, बादली लागेल. म्हणून बहुतेक टवके न दाखवणं हेच प्रमाणाला धरून आहे.

राहिला पुराव्याचा प्रश्न. "मी स्वतः पाहिलंय" हे उत्तर अनेकदा येतं. कुठे पाहिलंत, ते महत्त्वाचं. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात डब्ल्यूडीएम-२ उभं आहे. त्याचे भाग मोजायला ते उत्तम, पण ते प्रदर्शनासाठी जपलेलं इंजिन आहे, रोज गाडी ओढणारं नव्हे. भंगारासाठी बाजूच्या रुळावर वर्षानुवर्षं पडलेलं इंजिनही पुरावा नव्हे. तुमच्या मॉडेलमागे डबे जोडले असतील, तर ते चालू इंजिन आहे. त्याला चालू इंजिनाचाच फोटो लागतो.

आता उरलेले गैरसमज, थोडक्यात

"जितके जास्त सुटे भाग चिकटवाल, तितकं तपशीलवार." चुकीचे दहा भाग लावण्यापेक्षा साच्यातला जाड दांडा काढून त्या जागी ०.३ ते ०.४ मिलीमीटरची पितळी तार लावा, इंजिन लगेच हलकं दिसेल.

"डब्ल्यूडीएम-२ सगळी सारखीच." अडीच हजारांहून जास्त बनली. दिवे, जाळ्या, ब्रेक, रंगसंगती शेडनुसार आणि काळानुसार बदलत गेली. आधी इंजिनाचा क्रमांक ठरवा, मग भाग.

"दोन्ही टोकं सारखी." शॉर्ट हूड आणि लाँग हूड वेगळे आहेत. एका टोकाचा फोटो पाहून दुसरं टोक रंगवू नका.

"पुढच्या हवेच्या नळ्या म्हणजे काळी रबरं, बस." नळी काळीच, पण तिच्या मुळाशी असलेले कॉक रंगवलेले असतात : ब्रेक पाइपला हिरवा, फीड पाइपला पांढरा. रेल्वेच्या प्रशिक्षण पुस्तिकांत हे सापडेल. आणि निर्वात ब्रेकच्या काळातलं इंजिन करत असाल, तर नळीच वेगळी लागेल.

"काळा म्हणजे शुद्ध काळा." उन्हाधुळीतला काळा रंग गडद करडा दिसतो. शुद्ध काळा फक्त ओल्या तेलासाठी राखून ठेवा.

"एचओचा रूळ म्हणजे आपल्या ब्रॉडगेजची हुबेहूब प्रतिकृती." १६.५ मिलीमीटरचा तो रूळ १४३५ मिलीमीटरच्या स्टँडर्ड गेजचा आहे. आपल्या १६७६ मिलीमीटरला १९ मिलीमीटरहून थोडी जास्त रुंदी लागेल. ही तडजोड बहुतेक जण करतात. करावी, पण माहीत असून.

"एअरब्रशशिवाय वेदरिंग होत नाही." साधा ब्रश, पातळ वॉश आणि चिमूटभर पावडर पुरते. लागतो तो संयम.

"शेवटी सगळ्यावर मॅट वार्निश मारलं की झालं." मॉडेलला वीज चाकांतून मिळते. चाकांवर वार्निश बसलं की इंजिन जागच्या जागी उभं.

विद्युतीकरणामुळे डिझेल इंजिनं झपाट्याने कमी होत आहेत. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्गही २०२२ मध्ये विजेवर गेला. तेव्हा अजून कुठे चालू डिझेल दिसलं, तर छताचे, बोगींचे, पायऱ्यांचे आणि दोन्ही टोकांचे फोटो आधी काढून ठेवा. आणि पुढच्या प्रदर्शनात कुणी "जरा गंज मार" म्हणालं, तर त्याला शांतपणे विचारा : कुठे, आणि कशामुळे? उत्तर आलं तर ब्रश उचला. नाही आलं, तर इंजिन आहे तसं राहू द्या. स्वच्छ धुतलेलं इंजिनही तितकंच खरं असतं.