राजगडात लपलेलं ‘जग’

वेल्हे तालुका राजगड तालुका झाला आणि ब्रेलमध्ये एक सेल (सहा टिंबांची चौकट) वाचला. ‘वेल्हे’ लिहायला सहा सेल लागतात: व, ए, जोडाक्षराची खूण, ल, ह आणि पुन्हा ए. ‘राजगड’ पाचांत बसतो, शेजारचं भोर तर तिनांतच. 1951 साली स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये मात्रा अक्षरावर चढत नाही, पूर्ण स्वर होऊन व्यंजनानंतर येते. जोडाक्षराची खूण मात्र आधी येते, म्हणजे पुढची व्यंजनं जोडून म्हणायची आहेत हे बोटाला आगाऊच कळतं. किती विचारपूर्वक केलंय हे!

सेलचा एवढा हिशेब कशाला? एक सेल सुमारे 6 मिलिमीटर जागा घेतो आणि टिंबं बोटाला लागायची तर तो बारीक करता येत नाही. म्हणून इंग्रजी ब्रेलनं 180 संक्षेप ठरवले. ‘द’ (the) या शब्दाची तिन्ही अक्षरं एका सेलमध्ये मावतात. पण त्यांना लगामही आहे. ‘पॉटहोल’मध्ये टी आणि एच शेजारी येतात, तरी ‘टीएच’चा संक्षेप तिथे चालत नाही. टी पॉटचा, एच होलचा.

मराठी ब्रेल अजून सहसा सुटी अक्षरंच लिहितं. उद्या संक्षेप आले, तर हा नियम आपल्याला राजगडावरच लागेल. समजा, ‘जग’ला एक सेल दिला. सॉफ्टवेअर तो बिनदिक्कत वापरेल: रा-जग-ड! ‘रण’ला दिला, तर तोरणाही फुटला. म्हणून एका क्लिकवर निर्दोष ब्रेल मिळण्याच्या गोष्टींवर माझा विश्वास बसत नाही. राज कुठे संपतं आणि गड कुठे सुरू होतो हे मावळातल्या पोराला सांगावं लागत नाही. सॉफ्टवेअरसाठी मात्र असे अपवाद कुणीतरी बसून नोंदवावे लागतात.

मला खटकतं ते दुसरंच. क्वचित येणाऱ्या ‘ज्ञ’ला स्वतःचा एक सेल आहे आणि ओळीओळीत भेटणाऱ्या ‘च्या’ला चार लागतात. ‘राजगडाच्या’ म्हणजे दहा सेल! आकार एकूण 63 आणि बहुतेक वाटले गेलेत, हे खरं. पण एकच आकार जागेनुसार दोन कामं करू शकतो. तोरण्यातला ‘ण’ आणि अंकाची खूण एकच आहे, टिंबं 3, 4, 5, 6. मराठी शब्द ‘ण’नं सुरू होत नाही, त्यामुळे घोटाळा होत नाही. तसाच ‘ङ’, टिंबं 3, 4, 6, मराठी शब्दाच्या शेवटी येत नाही. ती जागा ‘च्या’ला दिली, तर ‘राजगडाच्या’ सात सेलमध्ये लिहून होईल.