बंब दारात आला, मग शिडी का उघडली नाही?

आग लागलेल्या इमारतीखाली जमलेल्या गर्दीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. एवढी मोठी शिडीची गाडी दारात उभी आहे, मग शिडी वर का जात नाही? विचारणाऱ्याचा जीव वरच्या मजल्यावर अडकलेल्या माणसांसाठी तुटत असतो आणि समोरचा यंत्रचालक त्याला ढिला वाटू लागतो. या रागामागे काही जुने, पक्के समज आहेत. ते दूर व्हायला हवेत, कारण त्यांच्यापायी गल्लीतली जागा अडते आणि अडलेल्या जागेमुळे माणसं वर अडकून पडतात.

सगळ्यात मोठा गैरसमज हा, की गल्लीतून गाडी निघाली म्हणजे झालं.

शिडीच्या गाडीला नुसतं आत शिरून भागत नाही, पाय पसरून उभं राहावं लागतं. उघडलेल्या शिडीचा भार एका बाजूला झुकतो आणि गाडी कलंडू शकते. म्हणून शिडी उचलण्याआधी दोन्ही बाजूंनी जॅक बाहेर काढून जमिनीवर टेकवतात. गाडीच्या आकारानुसार या जॅकसकट तिला साधारण ४ ते ६ मीटर रुंदी लागते. आता साधा हिशेब करा. रस्ता ६ मीटरचा आहे आणि दोन्ही कडांना मोटारी उभ्या आहेत. एक मोटार सुमारे १.८ मीटर रुंद, म्हणजे मधे उरले २.४ मीटर. बंबाची रुंदीच अडीच मीटरच्या घरात असते, आरसे वेगळे. तो आत शिरूच शकत नाही. एका बाजूच्या मोटारी काढल्या तर ४.२ मीटर मिळतात. गाडी आरामात आत येते, लोक हुश्श करतात, आणि नेमकं तिथेच काम अडतं, कारण मोठ्या शिडीच्या गाडीचे जॅक पूर्ण बाहेर येत नाहीत.

नव्या गाड्यांमध्ये एका बाजूचा जॅक कमी काढूनही शिडी चालवता येते. पण मग त्या बाजूला ती किती लांब जाईल यावर यंत्रणा स्वतःच मर्यादा घालते. खालून पाहणाऱ्याला वाटतं, शिडी अर्ध्यावर का थांबवली? ती माणसाने थांबवलेली नसते. त्याच्या पुढे गेली तर गाडी उलटेल, हे यंत्राला कळलेलं असतं.

जमिनीचंही तेच. जॅकच्या लहानशा तळाखाली कित्येक टनांचा भार एकवटतो. त्याखाली गटाराचं झाकण, नुकताच बुजवलेला केबलचा चर किंवा सोसायटीच्या भूमिगत टाकीचा स्लॅब आला तर तो खचू शकतो. राष्ट्रीय इमारत संहितेत उंच इमारतींसाठी प्रवेशद्वाराची रुंदी किमान ६ मीटर, वर कमान असेल तर तिच्याखाली किमान ४.५ मीटर मोकळी उंची, आणि आवारातली जमीन ४५ टनांपर्यंतच्या वाहनाचा भार पेलणारी, अशी अपेक्षा आहे. कागदावर हे आकडे बहुतेक ठिकाणी पाळलेले असतात. नंतर दारापुढचा रस्ता दर काही वर्षांनी नव्या थराने उंच होत जातो, कमान मात्र होती तिथेच राहते. आपल्या कमानीची आजची उंची टेप लावून मोजलेली सोसायटी मला क्वचितच दिसते.

दुसरा समज असा, की गाडी इमारतीला जितकी खेटून उभी राहील तितकं चांगलं. शिडी सहसा ७५ अंशांच्या आसपासच चढते, सरळ उभी होत नाही. तिचं बूड भिंतीपासून ३ मीटरवर असेल आणि शिडी थेट भिंतीकडे वळवली, तर तिचं टोक जमिनीपासून ११ ते १३ मीटरांवर, म्हणजे चौथ्या मजल्याच्या आसपास भिंतीला टेकतं. आठव्या मजल्यावर जायचं तर शिडी गल्लीच्या लांबीच्या दिशेने तिरकी धरावी लागते. मग तिच्या वाटेत येतात झाडाच्या फांद्या, गॅलरीचे छज्जे, जाहिरातींचे फलक, उत्सवाच्या कमानी आणि तारा. मुंबई शहरात विजेच्या तारा बहुतांशी जमिनीखाली असल्या तरी केबल आणि इंटरनेटच्या वायरींची जाळी डोक्यावर असते. राज्यातल्या इतर अनेक गावांत महावितरणच्या वाहिन्याच गल्लीतून जातात, आणि धातूची शिडी जिवंत तारेजवळ नेणं म्हणजे शिडीच्या टोकाच्या पिंजऱ्यातल्या जवानाचा जीव घेणं. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत शिडी थांबते ती याच कारणाने.

गाडी लांब म्हणून वळत नाही, असंही ठामपणे म्हटलं जातं. लांबीचा त्रास असतोच, पण वळणावर खरी अडचण करतात ती मागची चाकं. गाडी वळताना मागचं आतलं चाक पुढच्या चाकापेक्षा कोपरा जास्त कापतं, आणि मागच्या आसाच्या पलीकडे असलेला भाग उलट बाजूला बाहेर फेकला जातो. म्हणून यंत्रचालक आधी बाहेरून फेर घेतो आणि मग वळतो. कोपऱ्यावर उभी केलेली एकच मोटार त्याला हा फेर घेऊ देत नाही. गल्लीच्या मध्यावर लावलेल्या पाच मोटारींपेक्षा ती जास्त घातक ठरू शकते.

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराने यावर काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. तिथल्या शिडीच्या गाड्या आपल्याकडच्यांपेक्षा बऱ्याच लांब, पण मधे जोड असलेल्या असतात आणि मागच्या टोकाला दुसरा चालक बसतो. मागची चाकं तो स्वतंत्रपणे वळवतो. त्यामुळे ती लांबलचक गाडी, एकसंध चौकटीची आखूड गाडी जिथे अडकेल, तो कोपराही पार करते. याच शहराच्या दलात आजही हाताने लावायच्या लाकडी शिड्या वापरतात. त्यांच्या स्वतःच्या कारखान्यात त्या बनतात, आणि त्याचं एक कारण डोक्यावरच्या विजेच्या तारा हेच आहे.

मग आणखी उंच शिडी घ्या, असा आग्रह प्रत्येक मोठ्या आगीनंतर होतो. उंच शिडीचं महत्त्व मी नाकारत नाही. २२ जुलै २०१९ रोजी वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीला आग लागली तेव्हा मुंबई अग्निशमन दलाने ८४ जणांची सुटका केली. गच्चीवर जमलेली माणसं शिड्यांवरून खाली उतरताना साऱ्या शहराने पाहिली. पण तिथे इमारतीपाशी गाड्या उभ्या करायला जागा होती. त्याआधी चार वर्षं, ९ मे २०१५ रोजी काळबादेवीत गोकुळ निवासला आग लागली. जुनी इमारत, दाट वस्ती, अरुंद गल्ली. इमारतीचा भाग कोसळला आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई या चार अधिकाऱ्यांनी प्राण गमावले. अशा वस्तीत बहुतेक लढाई जिन्यातून, खांद्यावर होज घेऊन, आत शिरूनच लढावी लागते. बाहेर गाडीला उभं राहायला जागा नसेल तर जवान जास्त वेळ आत राहतात, हे त्या जागेचं मोल आहे.

लहान गाड्यांनी प्रश्न सुटेल का? अर्धा. क्विक रिस्पॉन्स व्हेइकल गल्लीत आधी पोचते, सुटकेचं काम सुरू करते, छोटी आग तिथेच आवरते. पाणी मात्र ती थोडंच वाहून नेते, आणि उंचावर पोचायला तिचा उपयोग नाही.

एक प्रश्न जवानांना पाहून पडतो: पहिला बंब इमारतीच्या अगदी पुढ्यात उभा न करता पुढे का नेला? त्यामागे जुना नियम आहे. होज जोडून लांबवता येतो, शिडी लांबवता येत नाही. म्हणून दर्शनी भागासमोरची जागा शिडीच्या गाडीसाठी राखतात. ती जागा रहिवाशांच्या दुचाकींनी भरलेली असेल तर हा सगळा विचार वाया जातो.

आणि सायरन ऐकल्यावर गाड्या काढू, हा समज सगळ्यात धोक्याचा. त्या वेळी मालक झोपेत असतो, बाहेरगावी असतो, किंवा किल्ली घ्यायला धुराने भरलेल्या जिन्यातून पुन्हा वर जातो. आपत्कालीन वाहनाला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ई नुसार १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पण दंड नंतर होतो. उपयोगी पडतं ते आधी केलेलं काम. जॅक कुठे टेकतील ते अग्निशमन केंद्रातल्या अधिकाऱ्यांना बोलावून ठरवून घ्यावं, त्या जागेवर पिवळे पट्टे मारून तिथे चोवीस तास काहीही उभं राहू देऊ नये, टाकीचा स्लॅब कुठे आहे हे जमिनीवर रंगवून दाखवावं, आणि १०१ ला फोन केल्यावर एका माणसाने गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबावं. कोणत्या मजल्यावर किती माणसं आहेत, गॅसची जोडणी कुठून बंद होते, डोक्यावरच्या कोणत्या तारेत वीज आहे, हे त्याला सांगता आलं पाहिजे.