तिखट वर्ज्य, चव नव्हे : पित्तरुग्णाच्या ताटाचा विचार

पथ्याचे महत्त्व वैद्यवर्गास नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. लोलिंबराजांनी ‘वैद्यजीवना’त पथ्याविषयी जे म्हटले आहे, ते आपणा सर्वांस मुखोद्गत आहे. तथापि अम्लपित्त, परिणामशूल, मुखपाक, रक्तार्श अशा व्याधींत आपण रुग्णास जे पथ्य सांगतो, ते बहुधा दोन शब्दांचे असते : ‘तिखट बंद.’ रुग्ण मान डोलावतो, आठ दिवस फिकी आमटी व उकडलेली भाजी खातो आणि नवव्या दिवशी पथ्य सोडतो. पुष्कळदा त्याबरोबर औषधही सुटते. काही रुग्ण तिखटाची उणीव लोणचे, पापड आणि वरून घेतलेल्या मिठाने भरून काढतात. म्हणजे कटु रस गेला, परंतु अम्ल व लवण रस दुपटीने आले. वृद्ध रुग्णांत तर अरुची वाढून आहारच घटतो. म्हणून काय वर्ज्य करावे याबरोबरच त्याच्या जागी काय घ्यावे, हे सांगणे वैद्याचे कर्तव्य ठरते. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच बाजूचा विचार मांडत आहोत.

कटु रस म्हणजे मिरची नव्हे

आज महाराष्ट्रात ‘तिखट’ हा शब्द मिरचीपुडीचाच पर्याय झाला आहे. वस्तुतः मिरची ही अमेरिका खंडातील वनस्पती असून पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात ती आपल्याकडे आली. बृहत्त्रयीत तिचा उल्लेख नाही. प्राचीनांच्या पाकशाळेत कटु रसाचे काम शुंठी, मरिच, पिप्पली, हिंगू, जीरक यांनी केले. आज आपण ज्या द्रव्यास कटुवीरा म्हणतो, त्याविनाही भारतीय अन्न शतकानुशतके रुचकर होतेच.

मिरचीतील दाहक घटकाचे नाव कॅप्सेसिन. उष्ण वस्तूच्या स्पर्शाने जे ग्राही उद्दीपित होतात, तेच या घटकानेही उद्दीपित होतात. या ग्राहींच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मिरची खाल्ल्यावर होणारा दाह हा केवळ जिभेचा भ्रम नाही, तर उष्णतेच्या संवेदनेचाच मार्ग आहे, ही गोष्ट उष्ण-तीक्ष्ण गुणांचा विचार करणाऱ्या वैद्यास चिंतनीय वाटेल.

वाग्भटांचे अपवाद

या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील दहाव्या अध्यायात आहे. रसांचे सामान्य कर्म सांगून झाल्यावर आचार्य त्यांचे अपवाद सांगतात. अम्ल रस पित्तकर, परंतु दाडिम व आमलकी वगळून. लवण रस नेत्रांस अपथ्य, परंतु सैंधव वगळून. कटु द्रव्ये बहुधा अवृष्य व वातप्रकोपक, परंतु शुंठी, पिप्पली व रसोन वगळून. आमच्या मते रुग्णाच्या मिसळणाच्या डब्याची मूळ यादी हीच होय.

या यादीचाही उपयोग तारतम्याने करावा. रसोन व मरिच पित्तप्रधान रुग्णास अल्पच द्यावेत. पिप्पलीचा अतियोग करू नये, असे चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आरंभीच क्षार व लवण यांच्यासह बजावले आहे. ती रोजच्या फोडणीची वस्तू नव्हे. सैंधव श्रेष्ठ असले तरी ते मीठच आहे. उच्च रक्तदाबाच्या रुग्णास त्याची मोकळीक देऊ नये. तसेच साध्या सैंधवातून पुरेसे आयोडीन मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

या यादीस धण्याची जोड अवश्य द्यावी. भावप्रकाशाने धान्यकास दीपन-पाचन म्हणतानाच तृष्णा व दाह यांचे शमन करणारे म्हटले आहे. अग्नी वाढवून दाह न वाढवणारे इतके स्वस्त द्रव्य दुसरे क्वचितच असेल. जिरे, बडीशेप, वेलची, दालचिनी आणि कोथिंबीर ही त्याची सोबती होत. चिंचेऐवजी आमसूल, अनारदाणा किंवा आवळा वापरण्यास सांगावे. आपला गोडा मसाला हा या विचाराचा उत्तम घरगुती नमुना आहे. धणे, तीळ, खोबरे, दगडफूल यांच्या सुगंधावर तो उभा आहे, दाहावर नव्हे.

स्वयंपाकातील काही युक्त्या

ज्यांस मिरची पूर्ण सोडणे अशक्य वाटते, त्यांच्यासाठी पुढील सूचना उपयुक्त ठरतात. मिरचीचा तिखटपणा मुख्यतः बियांत नसून बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात त्यात असतो. तो गर काढल्यास तिखटपणा बराच उतरतो. कॅप्सेसिन स्नेहात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणून मिरची चिरून तापलेल्या तेलात टाकली की तिखटपणा सर्व पदार्थात पसरतो. अखंड मिरची फोडणीत टाकून नंतर काढून टाकल्यास वास राहतो, दाह कमी होतो. तोंड भाजल्यास पाण्यापेक्षा दूध उपयोगी पडते, त्याचेही कारण हेच. रंगासाठी बेडगी मिरची वापरावी. लवंगीच्या मानाने ती पुष्कळच सौम्य आहे.

मुलांचा बर्गर

आता बर्गर, पिझ्झा यांचा प्रश्न. ‘बाहेरचे खाऊ नका’ एवढे सांगून तो सुटत नाही, कारण हे पदार्थ आता घरोघरी होतात. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अमेरिकेतील मूळ हॅम्बर्गरच्या खिम्याला परंपरेने मीठ व मिरपूड एवढेच लावतात. त्याची खरी चव तव्यावर बाहेरून खरपूस भाजण्यातून येते. त्यात लाल तिखट, हिरवी मिरची व झणझणीत सॉस यांची भर आपणच घातली. ती काढून टाकली तर पदार्थ बिघडत नाही.

कोंबडीचा खिमा, किंवा उकडलेला बटाटा व राजमा यांचे मिश्रण, अर्धा किलो घ्यावे. त्यास एक लहान चमचा मीठ, एक चमचा धणेपूड, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, पाव चमचा सुंठ, पाव चमचा मिरपूड, दोन-तीन लसूणपाकळ्या आणि मूठभर कोथिंबीर लावावी. कांदा कच्चा न घालता तुपावर तांबूस परतून घालावा. त्याने तीक्ष्णता जाऊन गोडवा येतो. खिम्यास मीठ अगदी शेवटी, टिक्की थापण्यापूर्वी लावावे. आधी लावून मळल्यास टिक्की घट्ट होते. खिमा आतपर्यंत पूर्ण शिजवावा. बाजारी सॉसऐवजी पुदिना-कोथिंबिरीची आवळा घातलेली चटणी द्यावी. असा बर्गर पथ्यकर अन्न झाला, असा आमचा दावा नाही. मैद्याचा पाव शेवटी मैद्याचाच. परंतु महिन्यातून एखादे वेळी तो घरच्या हाताने व सौम्य मसाल्याने झाला, तर अपथ्याचे प्रमाण निश्चित घटते.

औषधालय चालकांसाठी

ही द्रव्ये आपल्या बरण्यांत आहेतच. प्रश्न त्यांच्या शुद्धतेचा आहे. मिऱ्यांत पपईच्या बिया मिसळतात. पाण्यात टाकल्यास चांगले मिरे तळाशी बसतात, पपईच्या बिया तरंगतात. अतिशय झळाळणारे हळकुंड पाण्यात टाकताच पिवळा रंग सुटला, तर शिसेयुक्त रंगाची शंका घेऊन माल परत करावा. बाजारातील बांधणीच्या हिंगात पीठ असते. गव्हाचे पीठ न चालणाऱ्या रुग्णास तो देण्यापूर्वी वेष्टण वाचावे. पूड थोडी व ताजी करावी, कारण सुगंध उडालेल्या मसाल्याची उणीव रुग्ण पुन्हा मिरचीनेच भरून काढतो. तयार मसाला विकावयाचा असल्यास तो अन्नपदार्थ ठरतो. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यान्वये नोंदणी वा परवाना घ्यावा व वेष्टनावर व्याधी बरा करण्याचा दावा करू नये.

समारोप

पथ्यपालन करूनही अम्लपित्ताची लक्षणे टिकून राहिली, गिळण्यास त्रास, वजनात घट किंवा काळा मल अशी चिन्हे दिसली, तर मसाल्याचा विचार बाजूस ठेवून रुग्णास त्वरित तपासणीसाठी पाठवावे. इतर रुग्णांस मात्र चिठ्ठीवर ‘तिखट बंद’ लिहिल्यावर त्याखाली आणखी एक ओळ लिहावी : धणे, जिरे, सुंठ, आमसूल, सैंधव, प्रकृतीनुसार व मात्रेने. चवीचे जेवण मिळाले तर रुग्ण पथ्य निभावतो, आणि पथ्य निभावले तरच आपल्या औषधास यश येते.