इंधनपंप आणि नियामक: मोठ्या इंजिनांची जुळवणी

ट्रॅक्टर बाळगणाऱ्या शेतकऱ्यांकडून एक प्रश्न वारंवार निघतो, तो हा कीं, आहे त्याच इंजिनाची शक्ति वाढवितां येईल काय? ऊंसवाहतुकीच्या हंगामांत भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढतांना चढावर ट्रॅक्टर दम टाकूं लागला, म्हणजे कोणीतरी सल्ला देतो कीं, "पंप थोडा वाढवून घ्या." मग पंपावरील एक स्क्रू अर्धा आटा फिरविला जातो, इंजिन पूर्वींपेक्षां जोरानें ओढूं लागतें, आणि मालकास वाटतें कीं फुकटांत पांचदहा अश्वशक्ति पदरीं पडल्या. त्या स्क्रूनें वस्तुतः काय घडतें, आणि इंधनपंप व त्याचा नियामक यांची जुळवणी कोणत्या क्रमानें केली पाहिजे, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. प्रश्न केवळ चार लिटर डिझेलाचा नाहीं. लाखों रुपयांच्या यंत्राचा आहे, आणि प्रसंगीं माणसाच्या हाताचाही आहे.

पंपाचें महत्त्व

रुडॉल्फ डीझेल यांचें पहिलें यशस्वी इंजिन १८९७ सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें चाललें. त्यांत इंधन आंत फुंकण्यासाठीं दाबलेली हवा वापरीत, आणि ती दाबण्यास एक जड कॉम्प्रेसर इंजिनासोबत बाळगावा लागे. अशीं इंजिनें कारखान्यांत व जहाजांवर उपयोगीं पडलीं. शेतांत फिरणाऱ्या यंत्रास तीं सोयीचीं नव्हतीं. १९२७ सालीं श्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें इंधन स्वतःच दाबून सोडणारे पंप मोठ्या संख्येनें करण्यास आरंभ केला, आणि लहान व वेगवान् डिझेल इंजिनाचा मार्ग मोकळा झाला. आपल्याकडे १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन होऊन खडकी येथें इंजिनें होऊं लागलीं. १९५१ सालीं बंगलोर येथें मायको कंपनी निघाली, आणि त्यानंतर इंधनपंपही देशांतच तयार होऊं लागले. तात्पर्य, ट्रॅक्टराचें इंजिन शक्य झालें तें पंप सुधारल्यावर.

एका थेंबाचा हिशेब

पंपाचें काम किती नाजूक आहे हें एका हिशेबानें कळेल. ५० अश्वशक्तीचें, तीन सिलिंडरांचें इंजिन मिनिटास २००० फेरे करीत आहे असें समजूं. प्रत्येक सिलिंडरास दर दोन फेऱ्यांस एकदां इंधन लागतें. म्हणजे मिनिटास तिन्ही मिळून ३००० वेळां, व तासास १,८०,००० वेळां. पूर्ण भारावर असें इंजिन तासास सुमारें ११ लिटर डिझेल घेतें. भागाकार केला तर एका वेळचें इंधन सुमारें ६० घन मिलिमीटर, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाएवढेंच भरतें. हा थेंब सेकंदाच्या पांचशेव्या हिश्श्याच्या सुमारास, हवेच्या दाबाच्या कमींतकमी दोनशें पट दाबानें, तुषार होऊन आंत गेला पाहिजे. आणि तिन्ही सिलिंडरांस तो सारखाच मिळाला पाहिजे.

याकरितां पंपांतील दट्ट्या व त्याची नळी यांमधील फट मिलिमीटरच्या कांहीं सहस्रांशांची ठेवलेली असते. माणसाचा केस त्याहून कितीतरी पट जाड असतो. अशा फटींत धुळीचा कण किंवा पाण्याचा अंश शिरला कीं पंपाचें आयुष्य सरलें असें समजावें. उघड्या पिंपांतून, मळक्या डब्यानें डिझेल ओतणारा मालक आपल्याच हातानें पंप झिजवीत असतो.

नियामक व त्याचे दोन स्क्रू

दट्ट्यावर एक तिरकी खांच कोरलेली असते. दांतेरी दांडी सरकली कीं दट्ट्या स्वतःभोंवतीं फिरतो, खांच आधीं किंवा उशिरां उघडते, आणि सुटणारें इंधन कमी किंवा जास्त होतें. ही दांडी हलविणारा तो नियामक, ज्यास आपण गव्हर्नर म्हणतों. जेम्स वॉट यांनीं १७८८ सालीं वाफेच्या इंजिनास लाविलेल्या फिरत्या गोळ्यांचेंच तत्त्व त्यांत आहे. नांगर हलक्या जमिनींत आला कीं इंजिनाचा वेग वाढूं पाहतो. वजनें बाहेर फेंकलीं जातात, स्प्रिंग दबते, दांडी मागें सरते व इंधन कमी होतें. नांगर कठीण जमिनींत शिरला कीं याच्या उलट घडतें. चालकाचा हात दर क्षणास जें करूं शकणार नाहीं, तें नियामक बिनचूक करीत असतो.

या नियामकास दोन मर्यादा घातलेल्या असतात, आणि त्यांची गल्लत पुष्कळ लोक करतात. एक स्क्रू सर्वांत जास्त इंधनाची मर्यादा ठरवितो. दुसरा सर्वांत जास्त वेगाची. दुसरा फिरविला असतां शक्ति वाढत नाहीं, केवळ फेरे वाढतात. आणि फेरे दशांशानें वाढले तर हलत्या भागांवरील ओढ एकपंचमांशाहून अधिक वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. कनेक्टिंग रॉड व व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा याच कारणानें तुटतात.

हवेवांचून इंधन व्यर्थ

आतां पहिल्या स्क्रूकडे वळूं. एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यास सुमारें १०,००० लिटर हवा लागते. वरील इंजिन ११ लिटर डिझेल जाळतें, तेव्हां त्यास तासाला १,१०,००० लिटर हवा हवी. अशा इंजिनाच्या सिलिंडरांचें एकूण आकारमान तीन लिटरांच्या आंतबाहेर असतें, आणि २००० फेऱ्यांस तें तासाला जेमतेम दीड लाख लिटर हवा ओढतें. वरची शिल्लक चैनीची नव्हे. सेकंदाच्या पांचशेव्या हिश्श्यांत इंधनाचा प्रत्येक कण हवेशीं गांठ घालूं शकत नाहीं, म्हणून ती ठेवावीच लागते. पंप एकचतुर्थांशानें वाढविला तर हवेची गरज १,३७,५०० लिटरांवर जाते व शिल्लक संपते. मग न जळलेला कार्बन धुराड्यांतून काळ्या धुराच्या रूपानें बाहेर पडतो. तो काळा धूर म्हणजे मालकाचे पैसेच होत.

थोडी शक्ति वाढते हें खरें, आणि म्हणूनच फसगत होते. वाढीव डिझेलाचा लहानसा भाग शक्ति देतो. उरलेला उष्णता व काजळी देतो. पिस्टनचा माथा तापतो, रिंगा काजळीनें जखडतात, सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुतलें जातें व खालचें वंगण पातळ होतें. एका हंगामांत याचा पत्ता लागत नाहीं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या हंगामांत इंजिन खोलावें लागतें, आणि त्या वेळीं दोष पंपाचा होता हें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं.

टर्बो बसविलेल्या इंजिनांत धुराच्या जोरानें फिरणारा पंखा हवा कोंबून भरतो, म्हणून त्यांस जास्त इंधन देतां येतें. परंतु पंखा वेग घेईपर्यंत हवा कमी असते. यास्तव पुष्कळ पंपांवर एक पडदा बसविलेला असतो, आणि हवेचा दाब येईल तसतसें तो वाढीव इंधन सोडतो. या पडद्याकडे जाणारी बारीक नळी फुटली तर ट्रॅक्टर मंद होतो. दोष नळीचा असतां मुख्य स्क्रू फिरविणें म्हणजे पायास कांटा लागला असतां डोकें दाबून घेण्यासारखें आहे.

जुळवणीचा क्रम

पंपास हात लावण्यापूर्वीं पुढील गोष्टी पाहाव्या: हवेचा फिल्टर, डिझेलाचे फिल्टर, टाकीच्या झाकणाचें श्वासछिद्र, नळ्यांचे सांधे, टॅपेटांचें अंतर व सिलिंडरांतील दाब. टाकीकडून मुख्य पंपाकडे डिझेल ढकलणाऱ्या छोट्या पंपाचा दाब मापकावर पाहावा. फिल्टर तुंबल्यास तो पडतो. अशक्त इंजिनाचा रोग बहुधा येथेंच सांपडतो व अल्प खर्चांत बरा होतो.

दुसरी पायरी नोझलांची. हातपंपाच्या चांचणीयंत्रावर प्रत्येक नोझल कोणत्या दाबास उघडतें, तुषार सारखा पडतो कीं नाहीं, व टोंकास थेंब लोंबतो काय, हें पाहावें. नोझल खराब असतां पंप जुळविणें व्यर्थ आहे.

तिसरी पायरी पंपाची, आणि ती ट्रॅक्टरावर होत नाहीं. पंप काढून चांचणीच्या बांकावर चढवावा लागतो. तेथें प्रथम सोडण्याच्या वेळांमधील अंतर पाहतात. पंपाच्या एका फेऱ्यांत तें तीन सिलिंडरांस १२० अंश व चार सिलिंडरांस ९० अंश असलें पाहिजे. नंतर ठराविक फेऱ्यांत प्रत्येक नळींतून पडलेलें डिझेल कांचेच्या नळ्यांत मोजून सारखें करतात. एका सिलिंडरास जास्त व दुसऱ्यास कमी मिळालें तर बेरीज बरोबर दिसते, पण इंजिन थरथरतें आणि जास्त घेणारा सिलिंडर आधीं जातो.

चौथी पायरी नियामकाची. त्याच बांकावर जास्तींत जास्त इंधन, भार नसतांनाचा सर्वांत मोठा वेग व मंद चालीचा वेग हे तिन्ही कारखान्याच्या तक्त्याप्रमाणें ठरवितात. भार काढल्यावर वेग नेमल्या वेगाहून सर्वसाधारणपणें शेंकडा ८ ते १० चढावा, याहून फार नव्हे. इंजिन स्वस्थ न राहतां वेग वरखालीं करीत असेल, तर दांडी अडकते आहे, सांधे सैल झाले आहेत किंवा डिझेलांत हवा शिरली आहे असें समजावें.

पांचवी पायरी वेळेची. पंप इंजिनावर बसवितांना पहिल्या सिलिंडरास इंधन नेमक्या कोणत्या अंशास सुटतें हें फ्लायव्हीलवरील खुणेशीं जुळवितात. इंधन लवकर सुटलें तर इंजिन ठोके देतें; उशिरां सुटलें तर शक्ति जाते, धूर होतो व उष्णता धुराड्यांत वाया जाते. शेवटीं नळ्यांतील हवा काढून, भार घालून परीक्षा घ्यावी आणि दोन्ही स्क्रूंस सील लावून घ्यावें. सील शाबूत आहे ही मालकाच्या दृष्टीनें मोठी साक्ष होय.

उच्च दाबाचीं नवीं इंजिनें

१ जानेवारी २०२३ पासून आपल्या देशांत ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांस धुराचे कडक नियम लागू झाले, आणि त्यामुळें बहुतेक कारखान्यांनीं अशा इंजिनांस कॉमन रेल पद्धति घेतली. मोटारगाडींत ही पद्धति १९९७ सालींच आली होती. हींत पंप केवळ दाब निर्माण करतो. तो एका जाड नळींत सांठविला जातो, आणि किती इंधन केव्हां सोडावयाचें हें विजेनें चालणारीं नोझलें संगणकाच्या आज्ञेनें ठरवितात. दाब हवेच्या दीड हजार पटींहून अधिक असूं शकतो. तो धरून ठेवणारी नियामक झडप व तो मोजणारें यंत्र हेंच येथील गव्हर्नर होत.

येथें फिरविण्यास स्क्रू नाहीं, म्हणून कोणी शक्ति वाढविणारी डबी विकतात. अशा कित्येक डब्या दाब मोजणाऱ्या यंत्राचा निरोप बदलून संगणकास खोटेंच सांगतात कीं दाब कमी आहे; मग संगणक तो वाढवितो. पंप, नळी व नोझलें नेमल्याहून अधिक दाबानें राबूं लागतात, आणि त्यांची किंमत जुन्या पंपाच्या कितीतरी पट असते.

एक इशारा मात्र आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चालू इंजिनाची उच्च दाबाची नळी कधींही सैल करूं नये, आणि गळती बोटानें चांचपूं नये. बारीक धार कातडी भेदून मांसांत शिरते. जखम सुई टोंचल्याएवढीच दिसते व प्रथम फारशी दुखत नाहीं, पण आंतून हात सडूं लागतो. असें झाल्यास तासाचाही उशीर न करतां मोठ्या इस्पितळांत जावें व दाबाचें डिझेल शिरलें आहे हें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें. जुन्या पंपांच्या नोझलांसही हाच नियम आहे. गळती शोधण्यास पुठ्ठ्याचा तुकडा पुरे.

मालकानें काय करावें

डिझेल झांकल्या पिंपांत ठेवून निवळूं द्यावें व तळाचें घेऊं नये. काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी, म्हणजे रात्रीच्या गारव्यानें आंत पाणी धरणार नाहीं. धुराचा रंग रोज पाहावा: भारावर सतत काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी; तापलेल्या इंजिनाचा पांढरा धूर म्हणजे न जळलेलें इंधन किंवा आंत शिरलेलें पाणी; निळा धूर म्हणजे वंगण जळत आहे. एकर नांगरण्यास किती लिटर लागले याची वहींत नोंद ठेवावी. पंप बिघडूं लागला कीं ती वही धुराच्याही आधीं सांगेल. आणि पंप दुरुस्तीस दिला तर केवळ बिल न घेतां चांचणीचे आंकडे लिहून मागावे. आंकडे देऊं न शकणाऱ्या दुकानांत पंप पुन्हां नेऊं नये.

दोन ट्रॉल्यांचा भार ओढत नसेल, तर इंजिनानें आपली मर्यादा सांगितली आहे असें समजून भार कमी करावा, खालचा गिअर घ्यावा, किंवा काम नित्याचें असल्यास मोठा ट्रॅक्टर घ्यावा. कारखान्यानें ठरविलेली मर्यादा त्या इंजिनाच्या हवेची, धातूची व वंगणाची मोजदाद करून घातलेली असते. ती ओलांडून मिळालेली शक्ति उसनी असते, आणि ती व्याजासह परत करावी लागते.